उघडझाप

धार जिल्ह्यातली गंधवानी अजून झालेली नाही. मान नदी नाही, जिराबादजवळचं तिच्यावरचं धरण नाही, बाग-कुक्षीकडे जाणाऱ्या भरगच्च जीपगाड्या नाहीत. ज्या काळ्या कातळावर माळवा उभा आहे, तोही अजून वितळलेल्या रूपात खाली कुठेतरी खोल आहे. तुम्ही सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षं मागे आला आहात. दोन-चार लाख वर्षं इकडेतिकडे झाली असतील, पण एवढ्या लांबच्या प्रवासात तेवढं धरायचं नसतं. पाय घोट्यापर्यंत चिखलात आहेत. भरदुपारी तुमची सावली दक्षिणेकडे पडली आहे, कारण भारत या घडीला विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेलं, हळूहळू उत्तरेकडे सरकणारं बेट आहे.

समोर उथळ तळं आहे आणि काठाच्या मऊ मातीत खड्डेच खड्डे. टायटनोसॉरांची ही अंडी घालायची जागा. जनावर लांब मानेचं, हत्तीला बुटकं ठरवणारं, आणि अंडं मात्र जेमतेम पंधरा ते सतरा सेंटिमीटरचं. एका खड्ड्यात एकापासून वीसपर्यंत अंडी. खड्डे इतके खेटून आहेत की एवढ्या धुडाला मधून वावरता येऊ नये. त्यावरूनच अभ्यासकांनी ताडलं आहे की आई अंडी मातीत पुरून निघून जात असावी. म्हणजे जन्मल्याबरोबर पिल्लू एकटं, आणि डोक्यावर हे ऊन.

एक पिल्लू नुकतंच बाहेर आलंय. त्याच्याकडे मनसोक्त बघून घ्या, मग त्याच्या पाठीच्या कातडीत शिरा. डायनोसॉर बघायला आलेल्या माणसाला हा सल्ला पटणार नाही, हे मला कळतं. पण या तळ्याकाठची सगळ्यात अटीतटीची गोष्ट घडते आहे ती पिल्लाच्या पेशीत.

आता तुमची उंची पाच-सहा नॅनोमीटर. एखाद्या मध्यम प्रथिनाएवढी. समोरचा डीएनए दोन नॅनोमीटर जाडीचा आहे आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर पसरला आहे. वारा नाही, पण स्थिरताही नाही. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळतायत, आणि त्या माराने तुम्ही, डीएनए, आसपासची प्रथिनं, सगळेच सतत थरथरता आहात. पुस्तकातल्या चित्रात डीएनएचा जिना ताठ आणि स्वच्छ असतो. इथे तो वाकतो, पिळतो, ताणतो.

एवढ्यावर भागणार नाही, घड्याळही संथ करावं लागेल. एक नॅनोसेकंद म्हणजे तुमचा एक सेकंद, असं ठरवू. या हिशेबाने एक मायक्रोसेकंद सतरा मिनिटांच्या आत संपतो, आणि एक मिलिसेकंद साडेअकरा दिवस चालतो. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे सगळी मदार त्याच्यावर आहे.

ऊन पडतं. अतिनील प्रकाशाचा एक कण डीएनएवर आदळतो आणि एकाच धाग्यावरची दोन शेजारची अक्षरं, दोन थायमिन, एकमेकांना चिकटतात. हे घडायला एक पिकोसेकंद पुरतो, म्हणजे तुमच्या संथ घड्याळावरही तो सेकंदाचा हजारावा भाग. तुम्हाला काही दिसलंच नाही. दिसतं ते एवढंच, की समोरच्या जिन्याच्या दोन पायऱ्या आता किंचित तिरक्या आहेत. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा इथवर आली की अडेल, किंवा चुकीचं अक्षर लावून पुढे जाईल. अशा चुका साठल्या की पेशी मरते, नाहीतर बिथरते.

थोड्या वेळाने एक प्रथिन येतं. त्याचं नाव फोटोलायेज. डायनोसॉरांमध्ये ते असल्याचा पुरावा दगडात सापडत नाही. पण मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी, अगदी कांगारूंच्या गोतावळ्यातही ते आहे, तेव्हा मधल्याच एका शाखेत नसेल असं मानायला कारण नाही. त्याला डोळे नाहीत. ते डीएनएला चाचपत येतं, तिरक्या पायऱ्यांपाशी त्याची पकड घट्ट होते, आणि बघता बघता डीएनए तिथे सुमारे पन्नास अंशांत वाकतो. चिकटलेली दोन्ही अक्षरं जिन्यातून बाहेर कलंडतात आणि प्रथिनाच्या पोटातल्या खोबणीत जाऊन बसतात. खोबणीच्या तळाशी फ्लॅव्हिन आहे, बी-२ जीवनसत्त्वापासून बनलेलं. ते निळ्या प्रकाशाची वाट बघतंय. प्रकाश येतो, फ्लॅव्हिन एक इलेक्ट्रॉन अक्षरांच्या जोडीवर फेकतं, चिकटवणारे दोन्ही बंध तुटतात, इलेक्ट्रॉन माघारी येतो. ज्या उन्हाने बिघाड केला, त्याच उन्हाचा दुसरा रंग तो दुरुस्त करतो.

बंध तुटण्याचा सगळा कारभार तुमच्या घड्याळावर सेकंद-दोन सेकंदांत आटोपला. आता थांबा आणि मोकळी झालेली दोन थायमिन आपापल्या जागी परत जाताना बघा. मिनिटं जातात, तास जातात, एक दिवस जातो. दुसरा दिवसही संपतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी फोटोलायेजच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचे क्षणिक झोत टाकून हे अख्खं नाट्य टप्प्याटप्प्याने टिपलं. पिकोसेकंदांपासून सुरुवात करून त्यांना दोनशे मायक्रोसेकंदांपर्यंत जावं लागलं, म्हणजे तुमचे सव्वादोन दिवस. रसायन झटपट उरकतं, वेळ जातो तो अंग हलवण्यात: वाकण्यात, उलगडण्यात, आत-बाहेर होण्यात. प्रथिनाच्या आणि डीएनएच्या लवचीकपणाला इथे किती काम आहे, ते या दोन आकड्यांतल्या फरकावरून कळतं.

बाहेर या आणि उंची पूर्ववत करून घ्या. निघण्यापूर्वी काठावरच्या एखाद्या बिळात डोकावून बघा. आत उंदराएवढं काहीतरी अंग चोरून बसलंय, अंधार पडण्याची वाट बघत. याच काळातल्या अशा एका प्राण्याचे दात तेलंगणात नसकलला सापडले, आणि शास्त्रज्ञांनी त्याचं नाव डेक्कनोलेस्टिस ठेवलं. त्याचे भाऊबंद इथे असतील असं धरून चाला. तो तुमच्याच कुळाच्या जवळचा आहे. डायनोसॉरांच्या भीतीने सस्तन प्राणी कोट्यवधी वर्षं रात्रीचेच फिरत राहिले, असं बरेच अभ्यासक मानतात. जे रात्रीच बाहेर पडतं, त्याला निळ्या उजेडावर चालणारं अवजार काय उपयोगाचं? जे वापरात नाही त्यातले बिघाड निवडीतून गाळले जात नाहीत, ते साठत जातात. सोमालियातल्या जमिनीखालच्या पाण्यात राहणाऱ्या एका आंधळ्या माशाचीही उजेडावरची दुरुस्ती अशीच गेली आहे. २०१८ मध्ये ते दाखवलं गेलं. आपल्या शाखेत, म्हणजे वार असलेल्या सगळ्या सस्तनांत, फोटोलायेज उरलं नाही. उंदीर, गाय, वाघ, तुम्ही, कोणाकडेच नाही. पुढे आपण दिवसाउजेडी हिंडायला लागलो, पण गेलेलं परत आलं नाही.

तेव्हा आपल्याला दुसऱ्या मार्गाने भागवावं लागतं. तो मार्ग बघायचा तर विसाव्या शतकात उतरायला हवं, आणि सुरुवात फोटोलायेजच्याच शोधापासून करायला हवी.

१९४८, न्यूयॉर्कजवळचं कोल्ड स्प्रिंग हार्बर. आल्बर्ट केल्नर अतिनील प्रकाशाने मारलेले सूक्ष्मजीव पुन्हा कसे जगतात ते मोजतोय आणि वैतागला आहे, कारण एकाच प्रयोगाची उत्तरं रोज वेगळी येतात. तापमान तपासून झालं. अखेर लक्षात येतं की काही बाटल्यांवर खिडकीतला उजेड पडतोय. त्याच सुमारास इंडियानात रेनातो दुल्बेकोला विषाणूंमध्ये हेच आढळतं. फोटोलायेजचा माग इथून लागला.

१९७४, स्टॉकहोम. टोमास लिंडाल वेगळ्याच बिघाडाच्या मागे आहे. ऊन नको, विष नको, नुसत्या पाण्याच्या सहवासाने डीएनएतल्या सायटोसिनचं युरॅसिल होतं. माणसाच्या प्रत्येक पेशीत रोज शंभर ते पाचशे वेळा असं घडतं. युरॅसिल हे आरएनएचं अक्षर, डीएनएत त्याला जागा नाही. दिसायला मात्र ते थायमिनचं जुळं भावंडच. फरक एका मिथिल गटाचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. लिंडालला जीवाणूंत एक एन्झाइम सापडतं, जे डीएनएतून फक्त युरॅसिल खुडून काढतं. युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज, थोडक्यात यूडीजी. लिंडालला २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या शोधापासून सुरू झालेल्या कामासाठी. त्याचे सहमानकरी होते पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार; सँकारने उमेदीची वर्षं फोटोलायेजवर घालवली होती. यूडीजीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांनी कित्येक वर्षं काम केलं आहे. मातीतल्या एका मायकोबॅक्टेरियममध्ये त्यांच्या गटाला यूडीजीएक्स नावाचं असं एन्झाइम सापडलं, की जे युरॅसिलच्या जागी डीएनएला स्वतःच कायमचं चिकटून बसतं.

आता खरा पेच. पेशीत सहाशे कोटींहून अधिक अक्षरजोड्या, त्यांत युरॅसिल अगदी विरळ, आणि ओळखायची खूण जिन्याच्या आत दडलेली. यूडीजीला ते सापडतं कसं?

शाळेत शिकलेलं उत्तर तुम्हाला आठवत असेल: एन्झाइम म्हणजे कुलूप, रेणू म्हणजे किल्ली. हे एमिल फिशरचं, १८९४ चं. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलँडने त्यात दुरुस्ती केली, की किल्ली लागताना कुलूपही आकार बदलतं. आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन्ही येतात, पण परीक्षेपुरतं लक्षात राहतं ते पहिलं. यूडीजीच्या बाबतीत पहिलं उत्तर साफ पडतं, दुसरं अर्धवट. सहाशे कोटी किल्ल्या एकेक करून कुलपात घालून बघायला कोणाकडे वेळ आहे?

१९९६ मध्ये या. वर्षभरापूर्वी यूडीजीची रचना हाती आली होती, आता डीएनएला धरलेल्या अवस्थेतलं त्याचं चित्र 'नेचर'मध्ये छापलं गेलंय. त्याच्या आत शिरा. मोकळं असताना ज्याचा जबडा उघडा होता ते प्रथिन डीएनएवर मिटलं आहे. काठावरचे वळसे डीएनएचा कणा चिमटीत धरून वाकवतायत. प्रथिनाच्या २७२ व्या जागेवरचं ल्युसीन हे अमिनो आम्ल जिन्याच्या खाचेतून आत घुसलंय, आणि जिथे अक्षर असायला हवं ती जागा त्याने अडवली आहे. युरॅसिल बाहेर फिरून खोबणीत गेलं आहे. थायमिन तिथे मावत नाही, कारण १४७ व्या जागेवरचं टायरोसिन त्याच्या मिथिल गटाला आत येऊ देत नाही. चित्र इतकं नीटनेटकं आहे की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण हे शेवटाचं चित्र आहे. त्याआधी अक्षर जिन्यातून बाहेर काढलं कोणी? प्रत्येक अक्षर ओढून बघायचं तर बळ लागेल, आणि यूडीजीकडे इंधन जाळायची सोय नाही.

बाल्टिमोर, २००४. जॉन्स हॉपकिन्समध्ये जेम्स स्टायव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत एनएमआरचं यंत्र लावून ठेवलंय. अक्षरांच्या जोडीमधला हायड्रोजन आसपासच्या पाण्याशी कधी अदलाबदल करतो, हे त्यावर कळतं. जोडी मिटलेली असताना अदलाबदल होत नाही, उघडली तरच होते. म्हणजे उघडझापीची नोंद. इथे तुमचं संथ घड्याळ पुन्हा काढा आणि कोणत्याही एन्झाइमशिवाय, नुसत्या डीएनएजवळ बसा.

दिवस जातात. जोडी मिटलेली. आठवडे जातात. महिना-दीड महिना असा गेल्यावर, कोणी हात न लावता, पाण्याच्या धक्क्यांनीच एक ॲडेनिन-थायमिन जोडी उघडते. थायमिन किंचित बाहेर येतं. तुम्ही नीट बघेपर्यंत, मिनिटभरात, मिटते. पुन्हा आठवडे. निरोगी डीएनएदेखील असा अधूनमधून डोळा उघडत असतो. फक्त मिटलेला काळ मिलिसेकंदांत मोजायचा आणि उघडा काळ नॅनोसेकंदांत.

आता यूडीजी आणून बसवा आणि पुन्हा मोजा. जोडी उघडण्याचा वेग तोच राहतो! यूडीजी काही उचकटत नाही. बदलतं ते मिटणं. आपोआप बाहेर आलेलं अक्षर परत जायला आता जास्त वेळ घेतं, कारण प्रथिनाने त्याला अर्ध्या वाटेवर थोपवलं आहे. २००७ मध्ये याच गटाने तो अर्ध्या वाटेवरचा क्षण स्फटिकात पकडला: अक्षर जिन्याबाहेर आलंय, खोबणीत मात्र अजून गेलेलं नाही. निवाडा इथे होतो. थायमिन असेल तर ते मागे फिरतं, युरॅसिल असेल तर पुढे सरकतं आणि खुडलं जातं. प्रथिन स्वतः या सगळ्यात स्वस्थ नसतं. सैलसर धरून सरकत राहायचं, की मिटून घट्ट धरायचं, या दोन अवस्थांमध्ये ते हेलकावत असतं. घट्ट धरून बसलं तर पुढे जाता येणार नाही, सैलच राहिलं तर हाती आलेलं निसटेल. दोन्ही साधायचं तर आकार पक्का असून चालत नाही.

मला या गोष्टीतला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो नॉर्वेतला. ट्रोम्स, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर. तिथल्या समुद्रात राहणाऱ्या कॉड माशाचं यूडीजी तिथल्या विद्यापीठात तपासलं गेलं. माणसाचं आणि कॉडचं यूडीजी रचनेने जवळजवळ सारखं. पण पाणी गारठलेलं, रेणूंचे धक्के सौम्य, मग तिथे माणसाच्या ठेवणीचं प्रथिन आळसावेल. कॉडच्या यूडीजीचं काम माणसाच्यापेक्षा वेगवान निघालं, आणि उष्णतेने ते लवकर मोडतं असंही दिसलं. २००५ मध्ये संगणकावर दोघांच्या हालचाली शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा फरक दिसला तो त्याच २७२ व्या ल्युसीनच्या वळशात. कॉडमध्ये तो अधिक सैल आहे. अवजार तेच, थंडीसाठी त्याचा सांधा ढिला केलेला. किंमत अशी, की ते अवजार उन्हाळ्यात टिकणार नाही. गंधवानीच्या मे महिन्यात कॉड जगणार नाही याला इतर हजार कारणं आहेत, हे एक जास्तीचं.

यूडीजी एकाच अक्षराचा जाणकार. उन्हाच्या, धुराच्या, नाना रसायनांच्या तऱ्हेतऱ्हेच्या बिघाडांना एकच प्रथिन ओळखत असेल तर? माणसात असं प्रथिन आहे, एक्सपीसी. यीस्टमधल्या त्याच्या भावंडाला रॅड-४ म्हणतात. २००७ मध्ये रॅड-४ चं डीएनएसकटचं चित्र निघालं आणि एक चमत्कारिक गोष्ट दिसली: ते बिघडलेल्या अक्षरांना स्पर्शच करत नाही. स्वतःचा एक लवचीक काटा ते जिन्यात घुसवतं, तिथल्या दोन जोड्या बाहेर पडतात, आणि ते धरून ठेवतं समोरच्या, धडधाकट धाग्यावरची अक्षरं. बिघाडाचं तोंडही न बघता बिघाड ओळखायचा!

हे कसं जमतं ते शिकागोत कळतं. २०१५ साल. जंग-ह्युन मिन आणि अंजुम अन्सारी यांच्या गटाने एक खोडी काढली. रॅड-४ ला त्यांनी निरोगी डीएनएलाच रासायनिक बंधाने बांधून टाकलं, पळून जाता येऊ नये म्हणून. आणि रॅड-४ ने निरोगी डीएनए अगदी बिघडलेल्यासारखा उघडून दाखवला. काटा तसाच आत, जोड्या तशाच बाहेर. म्हणजे निरोगी डीएनए उघडता येत नाही असं नाही, त्याला वेळ फार लागतो. मोकळं रॅड-४ एका जागी तेवढा वेळ थांबत नाही, पुढे सरकतं. बिघडलेली जागा मुळातच डळमळीत, ती त्याच्या मुक्कामाच्या आत उघडते, आणि उघडली की ते अडकून राहतं. हाटात मडकं घेणारी बाई तडा शोधत बसत नाही, टिचकी मारते आणि पुढच्या मडक्याकडे वळते. बद्द आवाज आला तरच तिचा हात थांबतो.

पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी तापमानाला अचानक किंचित झटका देऊन हालचालींचे वेग मोजले. आधी डीएनए पिळला जातो, शंभर ते पाचशे मायक्रोसेकंदांत. मग जोड्या उघडतात, पाच ते दहा मिलिसेकंदांत. तुमच्या घड्याळावर पिळायला दिवस ते सहा दिवस, उघडायला दोन ते चार महिने. रॅड-४ आधी नुसतं पिळून बघतं. तेवढ्या चाचणीत काही हाती लागलं तरच ते महिन्यांचा मुक्काम ठोकतं.

निघा आता. वाटेत एक थांबा, कारण तो गंधवानीच्या शेजारीच आहे. २०२३, बागजवळचं पाडल्या. जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला: धार जिल्ह्याच्या या पट्ट्यात ९२ घरटी, २५६ अंडी. आदल्या वर्षी याच पाडल्याजवळचं अंड्यात अंडं असलेलं एक दुर्मीळ जीवाश्म जाहीर झालं होतं. २०२३ सरता सरता बातमी आली की गावातली काही घरं शेतात सापडलेले गोल दगड काकर भैरव म्हणून पिढ्यान् पिढ्या पुजत आली आहेत, आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या तज्ज्ञांनी पाहिलं तर ती डायनोसॉरांची अंडी. वर्तमानपत्रांनी याची गंमत केली. मला त्यात गमतीसारखं काही दिसत नाही. ज्यांनी जपली त्यांच्यामुळे ती फुटायची वाचली.

असं एक अंडं हातात घ्या. पूर्वी पिल्लाच्या पाठीत शिरला होतात तसं याच्या आत शिरलात तर वाचायला एकही अक्षर मिळणार नाही. जीव गेला की दुरुस्ती थांबते, पाणी मात्र आपलं काम थांबवत नाही. सायटोसिनचं युरॅसिल होत राहतं, ते खुडायला यूडीजी येत नाही, धागे तुटतात. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून काढलेला अंदाज असा, की डीएनएच्या २४२ अक्षरांच्या तुकड्यांपैकी निम्मे ५२१ वर्षांत तुटतात. आजवर वाचलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे वीस लाख वर्षांचा. धारच्या उन्हात ६ कोटी ७० लाख वर्षांचा हिशेब करायची गरजच नाही. प्राचीन डीएनए वाचणाऱ्या प्रयोगशाळा आज जुन्या हाडांतला डीएनए वाचण्याआधी त्यावर अनेकदा यूडीजी घालतात, जेणेकरून साठलेली युरॅसिलं निघून जावीत. मेलेल्या पेशीला जे जमलं नाही, ते हजारो वर्षांनी बाटलीतून आणून करायचं.

आणि आता गंधवानी, आजची. हाटाचा दिवस, दुपारचा एक. तुम्ही टोपी आणलेली नाही. मानेच्या मागच्या कातडीवर थेट ऊन आहे, आणि भर उन्हात उघड्या कातडीच्या एका पेशीत सेकंदाला पन्नास ते शंभर ठिकाणी अक्षरं चिकटतात असा अंदाज आहे. फोटोलायेज तुमच्याकडे नाही, हे आपण बिळापाशीच बघितलं. एक्सपीसी आहे, आणि त्याची पद्धतही तुम्हाला आता ठाऊक आहे. उन्हाने अक्षरं दोन तऱ्हांनी चिकटतात. एक तऱ्हा कमी घडते, पण ती जिना चांगलाच वेडावाकडा करते. एक्सपीसीला ती चटकन कळते, काही तासांत पेशी तिचा निकाल लावते. दुसरी, म्हणजे पिल्लाच्या पाठीत पाहिलेली थायमिनची जोडी, जास्त घडते आणि जिना जेमतेम तिरका करते. एक्सपीसी तिच्यावरून जातं आणि थांबत नाही. तिच्यासाठी डीडीबी-२ नावाचं दुसरं प्रथिन लागतं. ते चिकटलेली जोडी स्वतःच्या खोबणीत ओढून घेतं, तिथला डीएनए वाकवतं आणि एक्सपीसीला उघडायला जागा करून देतं. मग बाकीची मंडळी येतात आणि तीसेक अक्षरांचा तुकडा कापून नवा विणतात. एवढं करूनही या जोड्यांतल्या निम्म्या निघायला एक दिवस किंवा जास्त लागतो. ज्या अंधाराने आपलं फोटोलायेज नेलं, त्याची ही वसुली.

यातलं एखादं प्रथिन जन्मतःच नीट नसेल तर झेरोडर्मा पिग्मेंटोसम होतो. ऊन सोसत नाही, लहान वयातच कातडीवर डाग पडतात आणि पुढे कर्करोग. एक्सपीसीच्या नावातली पहिली दोन अक्षरं या रोगाचीच. दुरुस्तीच बंद आहे म्हणून हा रोग होतो, हे जेम्स क्लीव्हरने १९६८ मध्ये दाखवलं.

तुम्ही झाडाखाली आलात, मानेवर पाणी मारलंत. एक शेवटची गोष्ट सांगून ठेवतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशींत सावलीत आल्यावरही तीन तासांहून अधिक काळ नव्या जोड्या पडत राहतात, असं २०१५ मध्ये आढळलं. अतिनील प्रकाशाने पेशीत उत्तेजित झालेली रसायनं मेलॅनिनला गाठतात, आणि साठलेली ऊर्जा अंधारातही डीएनएपर्यंत पोचते. मनावर गावाला जाणारी तुमची गाडी चारची आहे. तोवर सावलीतच बसा, पण एक्सपीसीला इतक्यात सुट्टी नाही.